व्याकरण येणं आणि व्याकरण सांगता येणं

पत्र:

'मी माध्यमिक शाळेत 26 वर्षं मराठी शिकवते आहे. गेल्या आठवड्यात नववीच्या वर्गात प्रयोग शिकवत होते. एका मुलाने हात वर केला. "बाई, ते एआयचं यंत्र इतकं शुद्ध मराठी लिहितं. त्याला कुणी कर्तरी-कर्मणी शिकवलं?" मी म्हटलं, शिकवलं असेल कुणीतरी. तो म्हणाला, "नाही बाई, कुणीच नाही. नुसतं वाचून वाचून शिकलं ते. मग आम्हीच का पाठ करायचं?" वर्ग हसला. मीही हसले, पण रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या यंत्रालाच "तिने चिठ्ठी लिहिली" याचा प्रयोग विचारला. त्याने ठामपणे कर्तरी सांगितला! "तिने" हा कर्ता आहे म्हणून, असं कारणही दिलं. आणि त्याच उत्तरातली त्याची स्वतःची वाक्यं मात्र एकूण एक बिनचूक. ज्याला व्याकरण सांगता येत नाही, त्याला ते येतं तरी कसं? माझी नात साडेतीन वर्षांची आहे. ती "मी करलं" म्हणते आणि मी दर वेळी तिला थांबवून "केलं" म्हणायला लावते. तेही चुकतंय का? मग मी 26 वर्षं नेमकं काय केलं?'

– मराठीच्या एक बाई

उत्तर:

बाई, तुमच्याच पत्रातली एक गंमत आधी दाखवते. तुम्ही लिहिलंय 'मी म्हटलं', आणि लगेच पुढच्या वाक्यात 'तो म्हणाला'. क्रियापद एकच, म्हणणे. पण 'तो म्हणाला, ती म्हणाली, ते म्हणाले' यात ते बोलणाऱ्याच्या मागे मागे जातं, आणि 'त्याने म्हटलं, तिने म्हटलं, त्यांनी म्हटलं' यात जागचं हलत नाही. 'त्याने म्हणाला' किंवा 'तो म्हटला' असं तुमच्या हातून चुकूनही उतरलं नाही. लिहिताना नियम आठवलात का? माझी पैज आहे, नाही आठवलात. कुणी आत्ता उठून विचारलं की एकाच धातूची ही दोन रूपं दोन वेगळ्या वाटांनी का जातात, तर तुम्हालाही क्षणभर थांबावं लागेल.

म्हणजे 'ज्याला सांगता येत नाही त्याला येतं कसं' हा तुमचा प्रश्न यंत्रापुरता नाही. तो तुम्हाला, मला आणि तुमच्या नातीलाही लागू आहे. व्याकरण येणं ही एक गोष्ट आणि ते सांगता येणं ही दुसरी. शाळेत आपण दोन्हींना एकच नाव दिलं आणि तिथून गोंधळ सुरू झाला.

1967 साली आर्थर रीबर या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. काही गुप्त नियमांनी बनवलेल्या, निरर्थक दिसणाऱ्या अक्षरांच्या माळा त्याने लोकांना पाठ करायला दिल्या. त्यामागे नियम आहेत हे सांगितलंच नाही. नंतर नव्या माळा दाखवून विचारलं, यातल्या नियमात बसणाऱ्या कोणत्या? लोकांनी नुसत्या अंदाजाने जमलं असतं त्याहून खूपच बरी निवड केली. मात्र नियम काय आहेत ते त्यांना धड सांगता येईना. 'ही बरोबर वाटते' एवढंच. आता 'तिने चिठ्ठी लिहिला' हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. कानाला जे खटकतं ना, ते हेच.

आता नातीकडे येते, कारण तिथे खरी मजा आहे.

'करलं' हा शब्द तिने कुठे ऐकला? घरात तो कुणी म्हणत नसणार. तो तिने बनवला. धरलं, भरलं, पेरलं, चिरलं हे तिच्या कानावरून गेलं आणि तिने मनाशी सूत्र बांधलं. करतो-धरतो-भरतो एकाच चालीचे, तर धरलं-भरलंच्या शेजारी करलं बसायलाच हवं. भाषेनेच तिथे 'केलं' घुसडून ठेवलंय, त्याला ती काय करणार! 'काका'चं अनेकवचन 'काके' करणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. 'घोडे' म्हणता येतं तर 'काके' का नको, याला त्या वयात बिनतोड उत्तर नाही. (मोठेपणीही नाही. काका, मामा, राजा ही मंडळी सूत्राबाहेर बसतात, एवढंच आपण सांगतो.)

अशा चुका करणारी मुलं बऱ्याचदा आधी बरोबर बोललेली असतात. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांमध्ये हे खूप बारकाईने नोंदवलं गेलं आहे. सुरुवातीला ऐकलेलं अनियमित रूप जसंच्या तसं येतं, मग काही काळ मूल त्याच शब्दाला नियमित प्रत्यय लावून 'बिघडवतं', आणि मग पुन्हा ताळ्यावर येतं. मधली ती घसरण म्हणजे मुलाच्या डोक्यात सूत्र उगवल्याची खूण. नुसती नक्कल करणारं मूल ही चूक कधीच करणार नाही.

सूत्र खरंच उगवतं, हे जीन बर्को यांनी 1958 मध्ये दाखवलं. चार ते सात वर्षांच्या मुलांना त्यांनी पक्ष्यासारख्या एका प्राण्याचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा 'वग'. मग तसेच दोन दाखवून विचारलं, आता हे काय आहेत? वग हा शब्दच बर्कोंनी रचलेला, त्यामुळे त्याचं अनेकवचन जगात कुणीच उच्चारलेलं नव्हतं. तरी बहुतेक मुलांनी ते बरोबर केलं. आपल्या भाषेत हा खेळ आणखी रंगतो. समजा, हा एक गिबडा. दोन असले तर? त्याला काही द्यायचं तर? तुम्ही मनात 'गिबडे' आणि 'गिबड्याला' म्हणून मोकळ्याही झालात. गिबडी असती तर 'गिबड्या' आणि 'गिबडीला'. गिबडं असतं तर 'गिबडी' आणि 'गिबड्याला'. तीन लिंगं, दोन वचनं, वर सामान्यरूप, आणि शब्दाला अर्थ शून्य!

आता तुमच्या दुरुस्तीबद्दल. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी 1970 मध्ये आईवडील आणि मुलांची संभाषणं तपासली. आईवडील मुलांचं काय दुरुस्त करतात? व्याकरण फारसं नाहीच. ते दुरुस्त करतात वस्तुस्थिती. मूल म्हणालं 'काके आले', तर आई म्हणते, 'नाही रे, काका उद्या येणार.' आणि खरी पण मोडकी वाक्यं कौतुकाने मान्य होतात. तरीही ती मुलं मोठी होऊन नीट बोलतात (आणि कधीकधी खोटंही, पण शुद्ध). तेव्हा तुम्ही थांबवल्याने नातीचं नुकसान होईल असं नाही, पण त्या थांबवण्याची तिला गरजही नाही. तिच्या बोलण्याचा धागा तुटतो, एवढाच तोटा. 'मी करलं' म्हणाली तर 'अगं बाई, तू केलंस? एकटीने केलंस?' असं म्हणून पुढे चला. योग्य रूप कानावर पडलं, गप्पाही चालू राहिल्या. 'करलं' काही काळाने आपोआप जाईल. मला विचाराल तर त्याआधी कुठेतरी लिहून ठेवा. नंतर आठवण येते.

यंत्राची गोष्ट मात्र दुसऱ्या टोकापासून सुरू झाली. सुरुवातीला माणसांनी त्याला अगदी तुमच्या पद्धतीने, नियम सांगूनच शिकवायला घेतलं. 7 जानेवारी 1954 रोजी न्यूयॉर्कमध्ये एक जाहीर प्रात्यक्षिक झालं. जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांच्या संगणकाने 250 शब्द आणि व्याकरणाचे 6 नियम एवढ्या शिदोरीवर साठेक रशियन वाक्यांचं इंग्रजी भाषांतर करून दाखवलं. मंडळी हरखली, तीन ते पाच वर्षांत भाषांतराचा प्रश्न मिटणार असं बोललं गेलं. नियम वाढवत नेले तसे अपवाद त्याहून वेगाने वाढले. 1966 मध्ये अमेरिकेत एका सरकारी समितीने या कामावर थंड पाणी ओतलं आणि पैसा आटला. कोणत्याही व्याकरण-शिक्षिकेने त्यांना आधीच सांगितलं असतं, नियम पाठ करून घेतले म्हणून भाषा येत नाही.

मग वाट बदलली. आजचं यंत्र नियम घेत नाही. त्याच्यापुढे वाक्य अर्धवट ठेवतात, पुढचा तुकडा कोणता ते ओळखायला लावतात, आणि खऱ्या तुकड्याशी ताडून पाहतात. चुकलं की आतले आकडे किंचित हलवले जातात. 'किल्ली त्या जुन्या कागदांच्या मोठ्या गठ्ठ्याखाली...' इथपर्यंत आल्यावर पुढे 'गेली' येतं, 'गेला' नाही. मध्ये कागद आला, गठ्ठा आला, दोन्ही पुल्लिंगी, तरी क्रियापद वाक्याच्या तोंडाशी बसलेल्या किल्लीकडेच पाहतं. अशी लाखो-कोट्यवधी वाक्यं ओळखायची असतील, तर लिंग आणि वचन कुठेतरी लक्षात ठेवल्याशिवाय भागत नाही. त्याला कुणी 'स्त्रीलिंग' हा शब्द सांगत नाही. अंदाज बरोबर यायला ते लागतं, म्हणून ते आकड्यांत तयार होतं. 2016 मध्ये ताल लिन्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजीत नेमकं हेच तपासलं: कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये दिशाभूल करणारी नामं आली तरी यंत्र वचन सांभाळतं का. बरंचसं सांभाळत होतं, पण मधली गर्दी वाढली की अडखळत होतं. त्यानंतरची यंत्रं यात पुष्कळ सुधारली.

म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. कर्तरी-कर्मणी त्याला कुणी शिकवलं नाही.

पण 'नुसतं वाचून वाचून' यातल्या 'वाचून वाचून'चा आकार त्याला कळू द्या. मूल तेरा वर्षांचं होईपर्यंत साधारण 10 कोटींपेक्षा कमी शब्द ऐकतं, असा संशोधकांचा अंदाज आहे. 2020 मध्ये आलेल्या जीपीटी-3 या यंत्राला शिकताना 30,000 कोटी तुकडे दाखवले होते. तुकडा म्हणजे कधी पूर्ण शब्द, कधी शब्दाचा भाग. तरी हिशेब करा, दोन-तीन हजार तेरा-वर्षांची पोरं एकत्र केली तेवढा हा खुराक. आणि तुमची नात साडेतीन वर्षांतच सूत्र बांधून मोकळी झाली आहे! यावरूनच 2023 पासून संशोधकांनी एक स्पर्धा सुरू केली. यंत्राला फक्त 10 कोटी किंवा अवघे 1 कोटी शब्द द्यायचे आणि व्याकरण किती जमतं ते पाहायचं. काही यंत्रांनी त्यातही बरीच मजल मारली, त्यामुळे 'एवढ्याशा बोलण्यातून व्याकरण शिकणं अशक्य, ते जन्मजातच असलं पाहिजे' हा जुना युक्तिवाद पूर्वीइतका पक्का राहिला नाही.

हा युक्तिवाद भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांचा. त्यावरची भांडणं अजून मिटलेली नाहीत आणि ती वाचायला मला फार आवडतात. 1986 मध्ये रुमेलहार्ट आणि मॅकक्लेलँड यांनी एका छोट्या यंत्राला इंग्रजी भूतकाळ शिकवला, आणि त्याने मुलांसारखीच ती मधली घसरण करून दाखवली. बरोबर, मग 'करलं', मग पुन्हा बरोबर. खळबळ उडाली. दोन वर्षांनी पिंकर आणि प्रिन्स यांनी पडदा बाजूला केला: यंत्राला आधी 10 नेहमीची क्रियापदं दिली होती आणि मग एकदम 410 ओतली होती. घसरण त्या ओतण्याने झाली, मुलांना कुणी असं ओतत नाही. वर त्या यंत्राने 'मेल' (टपालाने पाठवणे) या साध्या क्रियापदाचा भूतकाळ 'मेल्ड' ऐवजी 'मेम्बल्ड' असा केला होता. 'करलं' म्हणणाऱ्या मुलाकडून असलं काही निघणं कठीण, कारण त्याच्या चुकीत तर्क असतो. उलट बाजूला चॉम्स्की 2023 मध्ये म्हणाले की, माणसाला शक्य असलेल्या आणि अशक्य अशा दोन्ही प्रकारच्या भाषा ही यंत्रं सारख्याच सहजतेने शिकतील. 2024 मध्ये काही संशोधकांनी मुद्दाम विस्कटलेल्या, कुठलाही मानवी समाज बोलणार नाही अशा भाषा यंत्राला देऊन पाहिल्या. त्या शिकताना ते रडकुंडीला आलं, सरळ इंग्रजी त्यापेक्षा सहज शिकलं. तेव्हा 'यंत्राला व्याकरण येतच नाही, ती नुसती पोपटपंची' असं वर्गात सांगू नका. ते टिकणार नाही, आणि तो मुलगा तुम्हाला पकडेल.

मात्र एका गोष्टीत मूल आणि यंत्र यांची जातच वेगळी आहे, आणि ती त्या मुलाला जरूर सांगा. 1970 च्या दशकाच्या शेवटी निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथे बहिऱ्या मुलांसाठी शाळा सुरू झाली. त्याआधी ही मुलं आपापल्या घरी एकेकटी, घरापुरत्या खाणाखुणांवर. शिक्षक त्यांना ओठ वाचून स्पॅनिश शिकवू पाहत होते आणि ते काही जमेना. पण खेळायला, येता-जाता मुलं एकत्र येत होती. त्यांनी आपसात खुणा जमवल्या. मागून आलेल्या लहान मुलांनी त्या तयार खुणा उचलल्या आणि त्यांना शिस्त लावली, कोण कुणाला काय करतो हे दाखवण्याच्या ठरावीक रीती आणल्या. काही वर्षांत तिथे एक नवीकोरी सांकेतिक भाषा उभी राहिली, व्याकरणासकट. ते व्याकरण कुणी शिकवलं नव्हतं, त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते शिकायला कुठे उपलब्धच नव्हतं. मुलांना एकमेकांना काहीतरी सांगायचं होतं. यंत्र माणसांनी आधीच विणून ठेवलेलं व्याकरण उसवून काढतं. न विणलेलं त्याला कुठून मिळणार?

आता त्या 'कर्तरी'कडे. यंत्राने चूक केली ती तुमच्या ओळखीची असेल. 'कर्ता आहे, म्हणून कर्तरी' हे उत्तर तुम्ही 26 वर्षांत किती उत्तरपत्रिकांत खोडलं असेल! चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं, निबंध लिहिला; क्रियापद कर्त्याच्या नाही, कर्माच्या लिंग-वचनावर चाललंय हे पाहिलं की कर्मणी. यंत्राला 'लिहिली' अचूक येतं कारण मराठीचं वाक्य कसं चालतं ते त्याने पुष्कळ पाहिलंय. पण प्रयोग ओळखून कारण देणं हे त्याच्यासाठी निराळं कसब आहे. ते शिकायला त्याच्याकडे व्याकरणाविषयी लोकांनी लिहिलेला मजकूर तेवढा आहे, आणि मराठीत तो मुळात कमी. 'लिहिली' जिथून आली तिथे डोकावून ते उत्तर देतंच असं नाही. तुम्हीही 'म्हटलं' लिहिताना कुठे डोकावलात?

आणि इथे तुमचा शेवटचा प्रश्न येतो, ज्याला तुम्ही हळूच पत्राच्या शेपटाशी ठेवलंय.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 मध्ये छापलं गेलं, मोरो केशव दामल्यांचं 1911 मध्ये. त्याआधी पाचशेहून अधिक वर्षं मराठीत उत्तमोत्तम ग्रंथ लिहिले जात होते. तेव्हा 'व्याकरण पाठ करा म्हणजे शुद्ध बोलाल' हे आपण मुलांना सांगत आलो, ते बरंचसं खरं नव्हतं. नववीतल्या मुलाला कर्मणी प्रयोग चौथ्या-पाचव्या वर्षापासून येत असतो. (ऱ्हस्व-दीर्घ वेगळं. ते लेखनाचे संकेत आहेत, कानाने येत नाहीत, शिकवावेच लागतात. अनोळखी भाषा मोठेपणी शिकणाऱ्यालाही नियम सांगितलेला बरा पडतो.) तुम्ही व्याकरण 'दिलं' नाहीत. जे मुलांच्या तोंडात होतं ते त्यांना डोळ्यांनी बघायला लावलंत.

आणि हे काम क्षुल्लक नाही. जीपीटी-3 मध्ये शिकलेलं सगळं साठवायला 17,500 कोटी आकडे आहेत. त्यात व्याकरणाखेरीज इतर पुष्कळ आहे, हे खरं, पण कुठल्या आकड्यात काय आहे ते वेगळं काढायला संशोधकांना आजही घाम फुटतो. पाणिनीने संस्कृत बसवलं सुमारे 4,000 सूत्रांत, आणि त्यातलं प्रत्येक सूत्र कशासाठी आहे यावर वाद घालता येतो. 'अर्धमात्रालाघवेन पुत्रोत्सवं मन्यन्ते वैयाकरणाः' – अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद. (मुलगाच का, ते वैयाकरणांनाच ठाऊक.) अपार बोलण्यातून मूठभर सूत्र काढायचं, ते दुसऱ्याला सांगायचं, आणि त्याने 'पण हे उदाहरण बसत नाही' म्हटलं की पुन्हा मांडायचं. नातीने सूत्र बांधलं पण तिला ते दिसत नाही. ज्याला ते दिसतं तोच त्या यंत्राला 'तू चुकलास' असं म्हणू शकतो, आणि त्याची ती चूक तुम्हीच पकडलीत.

सोमवारी वर्गात त्या मुलाला उभं करा आणि आधी सांगा की त्याचा प्रश्न चांगला होता. मग यंत्राचं ते 'कर्तरी'चं उत्तर फळ्यावर जसंच्या तसं लिहा आणि वर्गाला तपासायला द्या, लाल खडूसकट. कर्मणीची व्याख्या त्या तासाला सांगूच नका. निबंध, चिठ्ठी, पत्र आलटून पालटून ठेवू द्या, क्रियापद कुणामागे पळतंय ते त्यांनीच शोधू दे. जमलं की दुसरा घास: 'तिने धडा लिहिला', पण 'ती धडा शिकली'. दोन्हीकडे कर्म आहे, मग दुसरीकडे क्रियापद 'ती'च्या मागे का गेलं? शिकणे, विसरणे, बोलणे, नेसणे, असे आणखी किती सापडतात, घरी बोलताना कान देऊन गोळा करून आणा म्हणावं. आजी-आजोबांच्या बोलण्यात वेगळं काही आलं तर तेही. 'ती वाचली' आणि 'तिने वाचली' यातला फरकही कुणीतरी आणेलच, हशा होईल.

म्हणाला आणि म्हटलं शेवटी ठेवा. त्याचं उत्तर विचारायला मुलं मागे लागतील. निदान शुक्रवारपर्यंत देऊ नका.